कमिटीने निवडलेला टर्बो

गाडी वेगवान करायची असेल तर घरात कमिटी नेमू नये. हा सल्ला मला कोणी मागितलेला नाही. पण बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये न मागता सल्ला देण्याची पद्धत आहे, आणि सतरा वर्षं मी नुसती घेण्याच्याच बाजूला उभी होते.

गाडी माझी. म्हणजे कागदावर दामोदरपंतांची, पण चालवते मी. दामोदरपंत हे माझे यजमान, विमानांची इंजिनं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात डिझाइनला. त्यांना गाडी चालवता येत नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "इंजिनाशी माझं नातं आतल्या बाजूने आहे." बाहेरची बाजू मग मी सांभाळली. पुस्तक वाचून आणि मैदानाच्या कडेच्या दोन अशोकांची साल सोलून मी स्वतःच ड्रायव्हिंग शिकले. आमची क्रीम रंगाची फियाट भाजी आणते, कोणाच्याही पाहुण्यांना स्टेशनवरून आणते, आणि तिने कधी कोणाला मागे टाकल्याचं मला आठवत नाही. त्याबद्दल आमच्या दोघींची काही तक्रारही नव्हती.

तक्रार सुरू झाली ती शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, आणि ती गाडीची नव्हती. दामोदरपंतांचा प्रकल्प बंद झाला. बावीस वर्षं ते एका इंजिनाचं आतलं चक्र काढत होते. हवा दाबून पुढे ढकलणारं, पाकळ्यापाकळ्यांचं. अशी अकरा चक्रं त्यांनी कागदावर काढली. त्यातलं एकही फिरलं नाही. विमानात तर नाहीच, पण कारखान्याच्या चाचणीच्या खोलीतसुद्धा नाही. एके दिवशी पत्र आलं, कागद कपाटात गेले, आणि दामोदरपंत दस्तऐवज विभागात गेले. तिथे त्यांना नवी फिरती खुर्ची मिळाली. "निदान ही तरी फिरते," असं म्हणून ते हसले, आणि त्यानंतर फारसं बोललेच नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे काय, तर पूर्वी जेवताना पोळीचा तुकडा मोडून, तो दोन बोटांत वाकवून ते मला पाकळीचा बाक समजावून सांगत. आमटी निवायची, पण बाक संपायचा नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे आणि मी वैतागत असे. आता ते पोळी पोळीसारखी खाऊ लागले. चार महिने मी ते बघितलं.

मग जुलैमधल्या एका दुपारी ते म्हणाले, "सुलभा, आपल्या फियाटला टर्बो बसवू या का?"

त्या क्षणी त्यांनी गाडीला शेपूट लावू या म्हटलं असतं तरी मी रंग कोणता एवढंच विचारलं असतं. म्हटलं, "बसवू या की!"

टर्बो म्हणजे काय ते मला नंतर कळलं. चुलीच्या धुराड्यात एक भिंगरी लावायची. जाणाऱ्या धुराने ती फिरते, आणि त्याच दांड्यावरची दुसरी भिंगरी उलट चुलीलाच फुंकर घालते. चूल भडकते, धूर वाढतो, भिंगरी आणखी फिरते. कोणत्याही बाईला हे ऐकून एकच प्रश्न पडेल की मग हे थांबतं कुठे? दामोदरपंतांच्या मते तो फार मूलभूत प्रश्न होता. ही दुसरी भिंगरी ते स्वतः काढणार होते. मिनिटाला लाख फेरे.

"पण आधी इंजिन निवडायला हवं," ते म्हणाले. "पद्धतशीर."

या शब्दाला मी तेव्हाच अडवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कमिटी झाली. अध्यक्ष दामोदरपंत. बाह्य तज्ज्ञ म्हणून वरच्या मजल्यावरचे पद्माकर भावजी. हे एका संशोधन संस्थेत वाळूचे ढीग कसे कोसळतात याचा अभ्यास करतात, त्यामुळे आपल्याला कुठल्याही विषयात गती आहे असं त्यांना वाटतं. सदस्य-सचिव मी, म्हणजे कार्यवृत्त लिहायचं आणि पोहे करायचे. विठोजीरावांना विशेष निमंत्रित केलं, पण मताचा अधिकार दिला नाही.

विठोजीराव म्हणजे आमचे मेकॅनिक. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर घोडे घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घोडे गेले, गॅरेज आलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असते, आणि आमच्या पुणेरी मराठीची त्यांना मनापासून दया येते.

पहिल्या शनिवारी पहिल्याच मिनिटाला विठोजीराव म्हणाले, "अक्का, त्या यलहंक्याच्या मोडलेल्या गाडीचं इंजन हाय बगा. बाराशे सीसी, जपानी जातीचं. गाडी गेली, इंजन चेन्नाग हाय, झक्क हाय. तेच टाकूया. सरी?"

"तो प्रस्ताव क्रमांक दोन," दामोदरपंत म्हणाले.

"एक कुटलं मग?"

"ते अजून यायचंय. तीन प्रस्ताव लागतात."

एक नंबर म्हणून आमचंच जुनं इंजिन धरलं. तीन नंबर मिळेना, म्हणून पद्माकर भावजींनी मिनी-ट्रकचं डिझेल इंजिन सुचवलं. मग तुलनात्मक तक्ता आला. वजन, ताकद, उपलब्धता, आवाज, आणि 'भविष्यातील विस्ताराची शक्यता'. या शेवटच्या रकान्यात भावजींनी डिझेलला दहापैकी दहा दिले.

"आणि बसायचं कुटं?" विठोजीरावांनी विचारलं. "ते इंजन आत, अक्का टपावर?"

असे पाच शनिवार गेले. आमची मीटिंग व्हरांड्यात आणि शेजारच्या अनुसूयम्मांची तुळस कुंपणापाशी. त्या वर्षी त्या तुळशीला इतकं पाणी मिळालं की ती सुपारीच्या झाडाएवढी उंच व्हायला हवी होती. चौथ्या शनिवारी त्यांना राहवलं नाही. पाणी घालता घालता त्या मला म्हणाल्या, "सुलभा, इंजिन कुठलंही घ्या, पण मंगळवारी नको हं. आमच्या मैदुनाने, धाकट्या दिराने, मंगळवारी गॅस किट बसवला. तिसऱ्या दिवशी बायको माहेरी गेली." मी ते कार्यवृत्तात लिहिलं. अध्यक्षांनी खोडलं.

पाचव्या शनिवारी प्रस्ताव क्रमांक दोन मंजूर झाला. आम्ही तिघं रीतसर गॅरेजवर गेलो. तिथे ते इंजिन कोपऱ्यात पोत्यावर बसलेलं होतं, पुसून लख्ख.

"हे कधी आणलंत?" दामोदरपंतांनी विचारलं.

"पैल्या शनवारी," विठोजीराव म्हणाले. "तुमचं बोलून होईतवर वाट बगत होतं."

आता टर्बो. इथे मात्र विनोद थोडा बाजूला ठेवून मला एक कबुली द्यायची आहे.

दोन टर्बो होते. एक छोटा, परदेशी गाडीतून निघालेला, तयार. उघडायचा, बसवायचा, संपलं. दुसरा म्हणजे ट्रकच्या टर्बोचं मोठं रिकामं कवच, ज्यात दामोदरपंतांचं चक्र बसणार. विठोजीरावांनी दोन्ही बाकावर ठेवले आणि ट्रकच्या टर्बोवर चापट मारली. "साहेब, रागवू नका. ह्यो फार मोटा. ह्याला जागं व्हायलाच टाइम लागनार. विमानाचं बरं अस्तंय, एकदा वर गेलं की एकाच चालीनं तासभर जातंय. वर शिग्नल हाय? म्हैस हाय? इतं तर अक्का धा पावलाला ब्रेक मारत्यात."

ते बरोबर बोलत होते. मला ते त्याच क्षणी कळलं, कारण ब्रेक मारणारी मीच होते. बावीस वर्षं विमानाचं काढल्यावर माणूस भाजी आणायच्या गाडीलाही विमानाचंच काढणार. दामोदरपंतांनी आलेखात समुद्रसपाटीपासूनची बेंगळुरूची उंची धरली होती, इथली विरळ हवा धरली होती. आठव्या क्रॉस रोडचा सिग्नल धरला नव्हता.

मी दामोदरपंतांकडे बघितलं. ते छोट्या टर्बोकडे बघतच नव्हते. त्या रिकाम्या कवचात हात घालून आतून चाचपत होते, नव्या घरात आपली कपाटं कुठे लागतील ते माणूस बघतो तसे.

"मत द्या," अध्यक्ष म्हणाले.

मी मोठ्याला मत दिलं. कार्यवृत्तात लिहिलं: "एकमताने. विशेष निमंत्रितांच्या शंकेची नोंद घेण्यात आली." विठोजीरावांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाले, "सरी अक्का. कळलं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. ते चक्र फिरायला हवं होतं, बाकी सगळं मागाहून बघता आलं असतं.

चक्र पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये झालं. पहिल्याची एक पाकळी जाड झाली, दुसऱ्याची दोन पातळ. तिसरं आलं ते घरी रुमालात गुंडाळून आणलं आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी राहिलं. हातात मावेल एवढंच, अ‍ॅल्युमिनियमचं, कमळासारखं. हुबळीहून आलेल्या माझ्या मावससासूबाईंनी त्यावर लिंबू पिळायचा घाट घातला होता, तो मी वेळेवर हाणून पाडला. आणि दामोदरपंतांनी त्याच आठवड्यात एकदा पोळीचा तुकडा उचलून किंचित वाकवला. माझ्या लक्षात आलंय हे बघून लगेच खाऊन टाकला.

इंजिन साखळीला टांगलं आणि नेमकी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. विठोजीरावांनी पान्यांना, हातोड्यांना, जॅकला, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले, आणि सांगितलं की हत्यारं आता पूजेला बसली आहेत, उठेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. इंजिन अधांतरी. पद्माकर भावजींनी "हे काम आहे की सण?" असं विचारलं. विठोजीराव म्हणाले, "भावजी, तुमची वाळू पन कोसळायची थांबती की नाई आज? तिला पन लावा कुंकू." दोन दिवस आमचं इंजिन झेंडूचा हार घालून हवेत लोंबत होतं. अनुसूयम्मा मुद्दाम येऊन त्याला नमस्कार करून गेल्या, आणि वार मंगळवार नाही ना, याची खात्री करून घेतली.

इंजिनावर आता जास्त दाब येणार, म्हणून त्याच्या डोक्याखालची गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली ती पातळ पट्टी, विठोजीरावांनी तांब्याच्या पत्र्याची कापली. "हे टिकलं तर आपन टिकलो," ते म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये गाडी घरी आली. बाहेरून तीच फियाट. मी साडीचा पदर खोचला, देवाचं नाव घेतलं, आणि शिक्षा झाल्यासारखी सीटला चिकटून बसले, कारण दामोदरपंतांनी सांगितलं होतं की पाठीला धक्का बसेल.

पाठीला काही झालं नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडीने विचार केला. आणखी दाबला, आणखी विचार केला. एका लुनावर बसलेले, मागे नारळाचं पोतं बांधलेले एक आजोबा मला ओलांडून गेले, आणि जाताना त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मागच्या रिक्षावाल्याने, "अम्मा, स्वल्प बेगा होगि!" म्हणून हॉर्न दिला. जरा जोरात चालवा म्हणे. स्वल्प! टर्बोवाल्या गाडीला!

थोडक्यात सांगायचं तर पंधराव्या क्रॉसला दाबलेला पाय अठराव्या क्रॉसला फळाला येई. बऱ्याचदा तर येतच नसे, कारण मध्ये बस थांबायची, गाय यायची, नाहीतर ओळखीचं माणूस. आणि एकदा आला तो नेमका भाजीबाजारापाशी, मी पाय काढत असताना. एक हलकीशी शीळ फुंकल्यासारखं काहीतरी झालं आणि फियाट पुढे उडाली. माझी भाजीवाली, नेहमीची जागा, आमचं घर, सगळं मागे गेलं. मी थांबले ती देवळापाशी, आणि तिथेच यायचं होतं असं लोकांना वाटावं म्हणून उतरून दर्शन घेतलं.

दामोदरपंत शेजारी नव्हते. घरी येऊन मी सांगितलं, "अहो, वाजलं! शिट्टीसारखं!"

"किती वेळ?"

"डोळ्याचं पातं लवेपर्यंत."

"मग ते वारंही असू शकतं," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यांना पुरावा हवा होता. बायकोने सांगितलेली शिट्टी हा पुरावा नव्हे.

पुरावा सरकारकडे असतो. इंजिन बदललं की आर.टी.ओ.कडून नोंद करून घ्यावी लागते. दामोदरपंतांनी अर्जाला चौदा पानांचं परिशिष्ट जोडलं, आलेखांसह. खिडकीवरच्या कारकुनाने ते उलट धरून बघितलं, सुलट धरून बघितलं, आणि म्हणाला की फॉर्ममध्ये इंधनाचा रकाना आहे, सिलिंडरचा आहे, बसणाऱ्यांचा आहे. टर्बोचा नाही. "सर, 'अदर' मध्ये घाला." बावीस वर्षांचं काम 'अदर'मध्ये गेलं.

तपासणीला सुधींद्र नावाचे इन्स्पेक्टर आले. बेळगावात शिकलेले, त्यामुळे मराठी बोलणारे, आणि अतिशय सभ्य. इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून त्यांनी पेन्सिलने घासून छाप घेतला, आणि मग दामोदरपंतांना गाडीकडे हात करून म्हणाले, "चला सर, चालवून दाखवा."

"ही चालवते," दामोदरपंत म्हणाले.

सुधींद्रांनी माझ्याकडे, माझ्या साडीकडे आणि माझ्या हातातल्या कोथिंबिरीच्या पिशवीकडे बघितलं. "बरं हो. बाई, जपून."

आर.टी.ओ.चं आवार म्हणजे शंभर पावलांचं, मध्ये एक पिंपळ आणि त्याच्याखाली शिकाऊ परवान्याची रांग. मी पिंपळाला तीन प्रदक्षिणा घातल्या. टर्बो गाढ झोपलेला. "साहेब, जरा बाहेरच्या रस्त्यावर..." मी म्हटलं. ते म्हणाले, "गरज नाही बाई, उत्तम आहे. काहीही फरक नाही. सुरक्षित." आणि त्यांनी मनापासून, आमच्या भल्यासाठीच, कागदावर इंग्रजीत लिहिलं की बदलामुळे वाहनाच्या कामगिरीत कोणताही फरक आढळला नाही. खाली सही. त्यावर गोल शिक्का.

दामोदरपंतांनी तो कागद तिथेच, पिंपळाखाली, दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. "काम झालं," म्हणाले. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर पोळी होती, आणि ते ती खात होते. एवढंच.

मला राग आला. सुधींद्रांचा नव्हे, ते बिचारे सज्जन. मला माझाच आला. त्या चक्राला मी मत दिलं होतं, आणि मग त्याला घेऊन पिंपळाला प्रदक्षिणा घालत बसले होते.

रविवारी सकाळी साडेसहाला मी गॅरेजवर गेले. विठोजीराव दात घासत होते. म्हटलं, "विठोजीराव, सिग्नल नाही, म्हैस नाही, असा रस्ता कुठे आहे?"

त्यांनी चूळ भरली. "हेब्बाळच्या पुडं. देवनहळ्ळीच्या रोडाला. आयतवारी कोन नस्तंय." मग म्हणाले, "त्ये तांबं टिकंल का, सांगता येत नाई हं अक्का."

"किती वेळ लागेल?"

"टिकायला?"

"फिरायला."

"पंदरा सेकंद," ते म्हणाले, आणि पाण्याचा डबा घेऊन गाडीत मागे बसले.

दामोदरपंतांना मी पेपर वाचता वाचता उठवलं. कुठे जायचंय सांगितलं नाही. हेब्बाळचं तळं मागे पडलं, घरं संपली, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागले, आणि समोर रस्ता असा सरळ, असा रिकामा, की विमानही उतरलं असतं. मी काच वर केली. "अहो, घड्याळ बघा," म्हटलं, आणि पाय खाली दाबून तिथेच ठेवला.

गाडीने नेहमीसारखा विचार केला. तिसऱ्या गियरमध्ये विचार केला, काटा सरकला, विचार केला. कोणी मध्ये आलं नाही. मी पाय काढला नाही. आणि मग बॉनेटखालून ती आली. आधी बारीक, केटलीतून यावी तशी, मग वर चढत, आणखी वर, अखंड, स्वच्छ शीळ. माझी पाठ सीटला टेकली. मागे विठोजीरावांचा डबा उलटला आणि ते ओरडले, "बंतु! बंतु! आला!" काटा शंभरावर गेला, एकशेदहावर गेला. द्राक्षांचे मळे हिरव्या पट्ट्यासारखे झाले. शेजारी दामोदरपंत दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून, मान तिरकी करून ऐकत होते. मला वाटतं रस्ता त्यांना दिसतही नव्हता.

शीळ टिकली अकरा सेकंद. मग फटाक्यासारखा आवाज झाला, पांढऱ्या वाफेने काच भरून गेली, आणि फियाट हळूहळू, मोठ्या प्रतिष्ठेने, एका चिंचेखाली जाऊन थांबली.

विठोजीरावांनी बॉनेट उघडलं. "तांबं गेलं," ते म्हणाले. "इंजनाचं बगावं लागंल."

"आणि चक्र?" दामोदरपंतांनी विचारलं.

विठोजीरावांनी फडकं गुंडाळून रबरी पाइप सोडवला, वाकून आत बघितलं. "सगळ्या पाकळ्या हायत साहेब. चेन्नाग हाय. फिरलं की वो!"

यलहंक्याकडून कोबी घेऊन येणाऱ्या एका टेम्पोने आम्हाला दोर बांधला. विठोजीराव कोबीवर जाऊन बसले. मी फियाटच्या स्टिअरिंगवर. पहिला किलोमीटर दामोदरपंत बॉनेटकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "सुलभा, ती शीळ मध्येच जराशी चढली ना, ऐकलीस? सातव्या सेकंदाला?"

"ऐकली."

"तिथे पाकळीच्या टोकाशी हवा..." आणि ते सुरू झाले. खिशातून त्यांना कागद हवा होता, तो शिक्क्याचाच निघाला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर ठेवून, त्यांनी बाक काढायला सुरुवात केली. टोक असं का, मूळ तसं का, बावीस वर्षांपूर्वी कोणी हरकत घेतली होती आणि तो कसा चुकला होता. हेब्बाळ गेलं, गंगेनहळ्ळी गेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मेखरी सर्कलच्या सिग्नलला टेम्पोवाल्याने मागे वळून डोकं बाहेर काढलं. रस्ता मोकळा होता, आणि त्याला कोबी बाजारात पोचवायचा होता. ओरडला, "अम्मा, बेगा होगला?" जोरात हाणू का?

शेजारी दामोदरपंत चौथ्या चक्रावर आले होते. अजून सात बाकी होती.

"बेडप्पा," मी म्हटलं. "निधानवागि होगि." नको बाबा, सावकाश चल.